मागच्या खोलीचा नकाशा

गुंठाभर जागा. पुढे मालकीणबाईंच्या दोन खोल्या. मागे न्हाणीला लागून एक खोली, बाजूने लोखंडी जिना, जिन्याच्या टोकाला पत्र्याखाली आणखी एक. मागच्या खोलीत इस्पितळात रात्रपाळी करणारी नर्स राहते. वरच्या पत्र्याखाली दोन पोरं, एक आयटीआयवाला आणि एक घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवणारा.

शहरातलं सगळ्यात परवडणारं घर ते हेच.

यात सरकारचा रुपया नाही. लॉटरी नाही, सोडत नाही, मंत्र्याच्या हातून किल्ली नाही. बँकेचं कर्जसुद्धा नाही, कारण असल्या कागदांवर बँक दारात उभं करत नाही. भिशी लागली तेव्हा विटा आल्या. पाटल्या गहाण पडल्या तेव्हा सिमेंट आलं. एका बाईनं स्वतःच्या हिमतीवर शहराला दोन खोल्या दिल्या.

कायद्याच्या भाषेत या खोल्यांना काय म्हणतात? अनधिकृत बांधकाम.

अशीच खोली बंगल्यांच्या सोसायटीत मागच्या कोपऱ्यात असते. तिथे प्लॉट मोठा, त्यामुळे ती नकाशात बसते आणि तिला आउटहाउस म्हणतात. विटा त्याच, वाळू तीच, राहणारी माणसंही तीच. फक्त इथे प्लॉट लहान, म्हणून दारावर नोटीस.

आपली शहरं वाढली कशी, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक नाही का? पुण्यातल्या वाड्यांत मालक माडीवर, आणि खाली चौकाच्या चारी बाजूंनी बिऱ्हाडं. मुंबईत बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, तीत एक संसार, आणि गावाकडून आलेला पुतण्या बाहेर गॅलरीत. ‘पोटभाडेकरू’ हा शब्द मराठीनं हौस म्हणून घडवला नाही. मोठ्या घराच्या पोटात लहान घर ठेवत ठेवतच इथला नोकरदार, विद्यार्थी, गिरणीकामगार शहरात टिकला.

शब्द जुना आहे, पण विकास नियंत्रण नियमावलीत त्या घराला जागा नाही.

आता टंचाईचा हिशोब बघा. केंद्राच्या तांत्रिक गटानं २०१२ साली देशातल्या शहरांत सुमारे १ कोटी ८८ लाख घरं कमी असल्याचं सांगितलं. आकडा सगळ्यांनी उचलला, भाषणांत वापरला. त्याची फोड किती जणांनी वाचली? त्यातला जवळजवळ दीड कोटींचा वाटा दाटीवाटीचा होता. म्हणजे डोक्यावर छप्पर आहे, पण छपराखाली माणसं मावत नाहीत. थोरल्याचं लग्न झालंय आणि आईवडील स्वयंपाकघरात झोपतात, ही ती टंचाई.

यावर औषध काय? त्याच घराला आणखी एक खोली.

आपण मात्र औषध म्हणून शहराबाहेर बावीस मजले बांधतो. तिथून कामाला जायला दोन बस आणि एक रिक्षा. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली होती. एकीकडे कुलूपबंद फ्लॅट, दुसरीकडे दहा बाय दहात सहा जण. मग कमी आहे ती घरांची संख्या की घरांची जागा?

मोठ्या योजनांवरचा विश्वास अजून ज्यांचा उडालेला नाही, त्यांनी गिरणगावात एक चक्कर मारावी. १९९१ च्या नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे केले होते. एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. नियम सरळ होता. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते अख्ख्या जमिनीचे नव्हेत, फक्त मोकळ्या पडलेल्या तुकड्याचे. गिरणीच्या इमारतीखालची जमीन वाटणीतूनच गेली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ही दुरुस्ती उचलून धरली.

एका शब्दाच्या फेरफारानं गिरणीकामगाराच्या ताटातलं किती गेलं, हे लोअर परळच्या काचेच्या मनोऱ्यांकडे मान वर करून बघितलं की कळतं.

मोठ्या प्रकल्पांत २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची, हा दुसरा नियम. हेतू चांगला. लागू कधी होतो? भूखंड ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तेव्हा. ज्याच्याकडे चार हजार मीटर आहेत, त्याच्याकडे चांगला वास्तुविशारद आणि चांगला वकीलही असतो. रेषा चुकवायला जमिनीचे तुकडे पाडल्याचे आरोप नाशिकमध्ये झाले आणि २०२२ साली तो विषय विधिमंडळात गाजला.

बिल्डरनं जमिनीचे तुकडे पाडले तर त्याचा लेआउट होतो. गरिबानं एक गुंठा घेतला तर तुकडेबंदी.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेतीची जमीन चिंधी होऊ नये म्हणून केलेला, आणि शेतीपुरता योग्यच. पण शहर शेतात शिरल्यावरही तोच कायदा आपण गुंठ्याला लावत राहिलो. मग खरेदीखत होत नाही. नोटरीच्या कागदावर व्यवहार, नाहीतर कुलमुखत्यारपत्र. सातबारावर एकाखाली एक वीस-वीस नावं. २०२५ साली सरकारनं या अटी सैल करायचं ठरवलं, ते बरंच झालं. मधली अठ्ठ्याहत्तर वर्षं मात्र लोकांनी घर बांधायचं थांबवलं नव्हतं.

थांबवणार कसं? मुलं मोठी व्हायची थांबतात का?

मग येतात तारखा. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनींसाठीच्या कायद्यात, १ जानेवारी २००१. त्याआधीचं बांधकाम नियमित होईल, पुढचं नाही. २०२१ साली दुरुस्ती झाली आणि तारीख ३१ डिसेंबर २०२० वर गेली. मध्ये २०१७ चं प्रशमनाचं, म्हणजे दंड घेऊन बांधकाम कायम करण्याचं, कलम येऊन गेलं, त्याची तारीख ३१ डिसेंबर २०१५. दर वेळी ही शेवटची संधी. दर वेळी दंड, विकास शुल्क, वास्तुविशारदाचा दाखला, हेलपाटे.

तारीख पुढे सरकते. नियम होता तिथेच राहतो.

आणि तोपर्यंत करवसुली चालू असते. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली अनधिकृत घराला मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावता येते. त्याच कलमात हेही लिहिलंय की पैसे घेतले म्हणजे बांधकाम नियमित झालं असं समजू नये. पिंपरी-चिंचवडमध्ये कामगार वस्त्यांनी हा शास्तीकर वर्षानुवर्षं डोक्यावर वागवला. निवडणुकांमागून निवडणुका त्याच्या माफीच्या आश्वासनावर गेल्या. २०२३ साली तो माफ झाला.

कर माफ झाला, पण घराचा नकाशा मंजूर झाला का? नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो चटई क्षेत्र निर्देशांकाच्या, म्हणजे एफएसआयच्या, तक्त्याचा. २०२० च्या डिसेंबरात राज्यानं एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणली. मुंबई आणि काही क्षेत्रं सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच पुस्तक. काम मोठं होतं आणि गरजेचंही होतं. त्यातला तक्ता उघडा. मोठ्या महापालिकांत दाटीचा गावठाण भाग सोडला तर मूळ एफएसआय १.१. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तक्ता तिथेच संपतो. ९ मीटर भरला की प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) मिळून २ पर्यंत. ३० मीटरच्या रस्त्यावर ३ पर्यंत.

जितका रस्ता रुंद तितका हक्क रुंद. अरुंद गल्लीत कोण राहतं, हे कोणाला विचारायची गरज आहे का?

अग्निशमनाचा बंब शिरला पाहिजे, हे कारण खोटं नाही. बारा मजल्यांच्या इमारतीला तो शिरलाच पाहिजे. पण तळमजल्यावर एक खोली चढवायलाही तोच निकष? पुण्यात २०२० साली ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव आला. ९ मीटर झाले की टीडीआर लागू होतो, पुनर्विकास करता येतो, हा हिशोब. म्हणजे आधी घराचा पुढचा भाग रस्त्याला द्या, मग वरच्या खोलीचं बोलू. ज्याचं अख्खं घरच पाचशे फुटांचं, तो पुढचा भाग कुठून देणार?

याच पुस्तकात नियमानुसार लागणारी पार्किंगची जागा एफएसआयमध्ये धरत नाहीत.

मोटारीचं छप्पर मोजायचं नाही आणि माणसाचं मोजायचं, हे मला मान्य नाही.

आता कोणी म्हणेल, लहान प्लॉटना सवलत दिलीय की. दिलीय. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवान्याची वाट बघावी लागत नाही. नकाशा द्या, शुल्क भरा, पावती हाच परवाना. मनापासून सांगतो, नगररचना खात्यानं अलीकडे केलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम. पण पावती मिळते कोणाला? ज्याचा भूखंड मंजूर रेखांकनात आहे, ज्याची मोजणी झालीय, ज्याच्या नावाचा स्वतंत्र उतारा आहे, त्याला. गुंठेवारीतल्या बाईकडे यातलं काय आहे? वीजबिल आहे, करपावती आहे.

दार उघडलंय, पण तिथपर्यंत जाणारी पायरीच नाही.

पलीकडचं एक उदाहरण. कॅलिफोर्नियात घरांची टंचाई भयंकर. तिथल्या बहुतेक निवासी जमिनीवर एका प्लॉटला एकच घर, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम. परसात खोली काढायची म्हटलं की गावाच्या सुनावण्या, शेजाऱ्यांच्या हरकती, पार्किंगची अट. गावं आपणहून ऐकेनात, तेव्हा राज्यानं कायदा केला. २०१७ पासून अटी ढिल्या झाल्या, २०२० पासून आणखी. आज तिथे ८०० चौरस फुटांपर्यंतचं जोडघर गावाला अडवता येत नाही. मागच्या-बाजूच्या हद्दीपासून चार फूट सोडा. साठ दिवसांत निर्णय, सुनावणी नाही. अर्ध्या मैलात बस किंवा रेल्वे असेल तर पार्किंगची सक्ती नाही.

सनीव्हेलमध्ये आईबाबांसाठी परसात घर बांधणारा मराठी मुलगा हाच कायदा वापरतो. त्याच आईबाबांच्या इथल्या मोलकरणीची मागची खोली मात्र बेकायदा.

तिथली घरं स्वस्त झाली असं मी म्हणत नाही. तिथे बांधकाम महाग, मजुरी महाग. पण जो बांधू शकतो त्याला अडवणारा नियम तरी त्यांनी काढला. आपल्याकडे बांधकामाची ऐपत लोकांनी भिशीतून उभी केली, आणि अडवणारा नियम आपण जपून ठेवला.

‘अशानं झोपडपट्टी होईल’ हे वाक्य आता येणार. ते कोण बोलतं, तेही आपल्याला माहीत आहे. झोपडपट्टी खोली बांधल्यानं होत नाही. चोरून बांधल्यानं होते. उजेडात बांधली तर पाया बघता येतो, खिडकी मागता येते, ड्रेनेज जोडता येतं. चोरून बांधायची म्हणजे शनिवार-रविवारी रातोरात भिंत उठवायची आणि सोमवारी चुना मारून ती जुनी दाखवायची. त्यात सळई कोण मोजणार?

‘पाणी कुठून आणणार?’ ती नर्स आजही पाणी पितेच आहे.

‘पार्किंग?’ ती बसनं जाते.

बेकायदा बांधकामं जीव घेतात, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. पण ती इमारत कोणत्या बाईनं भिशीतून बांधली नव्हती. विकायला बांधली होती, मजल्यावर मजले घाईनं चढवले होते. कल्याण-डोंबिवलीत ६५ बेकायदा इमारतींना बनावट कागदांवर रेराची नोंदणी मिळाली आणि २०२४ साली उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितलं. तिथे फ्लॅट घेणाऱ्यांनी कायदेशीर समजूनच आयुष्याची पुंजी ओतली होती.

आपला कायदा या दोघांत फरक करत नाही. विकण्यासाठी सात मजले ठोकणारा आणि लेकीसाठी मागे एक खोली काढणारी, दोघांना प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचं (एमआरटीपी) कलम ५२ आणि ५३ सारखंच. पालिकेच्या अतिक्रमणविरोधी पथकाकडे माणसं कमी, म्हणून आधी कुठे जातात? जिथे विरोध कमी असतो तिथे. सात मजल्यांच्या खाली वजनदार माणूस उभा असतो. मागच्या खोलीसमोर एकटी बाई.

भाड्याबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत. १९४७ च्या भाडे कायद्यानं मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. तेव्हाची गरज होती, पुढे ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली आणि घरमालक भाड्यानं द्यायला घाबरायला शिकले. ती भीती अजून गेलेली नाही. म्हणून फ्लॅटवाले कुलूप लावतात आणि अकरा महिन्यांच्या कराराआधी जात, धर्म, लग्न, आहार सगळं विचारतात. गुंठेवारीतली मालकीण काय विचारते? भाडं पाच तारखेला देणार का, आणि रात्री उशिरा येणार असशील तर किल्ली जवळ ठेव.

एकट्या मुलीला घर कोण देतं, याचं उत्तर सोसायटीच्या नियमांत सापडणार नाही. ते त्या लोखंडी जिन्याखाली सापडेल.

२०१५ साली सांगितलं, २०२२ पर्यंत सगळ्यांना घर. २०२२ गेलं. २०२५ च्या मे महिन्यात राज्यानं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक. व्हावीत. एकूण एक व्हावीत. पण त्या ३५ लाखांत मागच्या खोल्या किती धरल्यात?

मागणी फार मोठी नाही. सरकारच्याच २०१५ च्या योजनेत दुर्बल गटाचं घर ३० चौरस मीटर चटईचं होतं. तेवढंच द्या. स्वतः जागेवर राहणाऱ्या मालकाला एक जोडखोली, ३० चौरस मीटरपर्यंत, एफएसआयच्या बाहेर. वेगळी विकायची नाही. प्रीमियम नाही. पालिकेनं पाच-सहा नमुना नकाशे छापून क्षेत्रीय कार्यालयात ठेवायचे, पाया कसा, जिना कसा, खिडकी केवढी ते सगळं त्यात. ज्युनिअर इंजिनिअरनं दोनदा यायचं, पायाला आणि स्लॅबला. करपावती आणि वीजमीटर हा ताब्याचा पुरावा धरायचा. नाला, पूररेषा, डोंगरउतार इथे नाही म्हणजे नाही. बाकी ठिकाणी नाही म्हणायचं असेल तर साठ दिवसांत, लेखी, कारणासकट.

तळमजल्यावर एक मजला चढवायला गल्ली नऊ मीटर असायची गरज नाही. सहाही पुरते.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. एमआरटीपीच्या कलम ३७ खाली नियमावलीत फेरबदल करता येतो. सूचना काढायची, महिनाभर हरकती ऐकायच्या, राजपत्रात छापायचं. मोठ्या प्रकल्पांसाठी असे फेरबदल आजवर कितीतरी झाले, कारण मागणाऱ्यांकडे मंत्रालयात जाणारी माणसं होती.

मालकीणबाई या आठवड्यात मंत्रालयात जाणार नाहीत. पावसाळ्याआधी वरचा पत्रा बदलायचाय, आणि मिस्त्री म्हणाला, रविवारी सुट्टीच्या दिवशीच करू, कोणी बघायला येणार नाही.